लालबागच्या अभ्यासिकेसाठी स्वस्त इन-इअर (कानाच्या नळीत बसणारे इअरफोन): प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

आजपासून नीट लिहून ठेवतोय, नाहीतर महिन्याभराने कुठला पीस कुठून घेतला नि त्याचं काय झालं काहीच लक्षात राहत नाही. चाळीच्या तळमजल्यावरच्या अभ्यासिकेत सध्या २२ मुलंमुली येतात, आठवीच्या पोरांपासून एमपीएससीवाल्यांपर्यंत, आणि सगळ्यांचा निम्मा अभ्यास मोबाईलवरच्या लेक्चरवर चालतो. यंदा पाऊस २६ मेलाच आला, तेव्हापासून खिडक्या बंद, पंखे पाचवर, मागच्या पत्र्यावर पाण्याचा ताशा, आणि आत जो तो एकच कान चालणारा इअरफोन बोटाने दाबून धरून बसलेला. काल दहावीतली एक मुलगी अर्धा तास मान वाकडी करून बसली होती कारण वायर तशी राहिली तरच आवाज येत होता.

मंडळाने १२,००० रुपये काढलेत. सध्याचा प्लॅन असा की टेबलामागे एक असे १२ इअरफोन घ्यायचे, हजाराच्या आतबाहेर एक, येईल त्याने लावायचा आणि जाताना खणात ठेवायचा. निवडायचं काम मी मागून घेतलं, डबिंग स्टुडिओत दिवसभर कानाला तेच असतं म्हणून.

वायरलेस नको हे आधीच ठरवलं. एवढ्याशा बॅटरीचं आयुष्य दोन-तीन वर्षं, ती बदलता येत नाही, आणि एक बाजू हरवली की दुसरी असून नसल्यासारखी. मुलांच्या हातात वायरवालाच बरा.

१२ जून, गुरुवार

कामावरून लवकर सुटलो आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तोंडात अजून लॅमिंग्टनच. सहा वेगवेगळे घेतले, २९९ पासून १,२५० पर्यंत. नावं इथे लिहीत नाही कारण प्रत्येकाचा एकेकच पीस माझ्याकडे आहे, तेवढ्यावर कुठल्या कंपनीबद्दल मत देणं बरोबर नाही. प्रत्येकाच्या वायरला इन्सुलेशन टेपचा तुकडा गुंडाळला आणि त्या रंगानेच ओळखायचं: पिवळा २९९, लाल ३४९, काळा ४५०, निळा ५९९, पांढरा ७९९, हिरवा १,२५०.

खोके घरी आणून वाचले. सहाच्या सहा खोक्यांवर २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ लिहिलंय. अरे, ही तर माणसाच्या कानाची रेंज झाली. त्या रेंजमध्ये आवाज किती डेसिबल वरखाली होतो ते कुणीच लिहीत नाही, आणि ते लिहिलं नाही तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. सेन्सिटिव्हिटी म्हणजे दिलेल्या विजेला किती मोठा वाजतो, तिचंही तसंच, कुणी एका मिलीवॅटला किती डेसिबल ते लिहितो, कुणी एका व्होल्टला किती ते. १६ ओहमचा तोच इअरफोन एका हिशोबाने १०० आणि दुसऱ्या हिशोबाने ११८ दिसतो, आणि गिऱ्हाईक बिचारं ११८ वाला उचलतं कारण आकडा मोठा. खोके बाजूला ठेवले, बिलं जपून ठेवली.

१५ जून, रविवार

नवीन तपासण्याआधी जुने का मेले ते बघायचं होतं. मुलांना सांगितलं होतं घरात पडलेले बंद इअरफोन घेऊन या, फेकू नका. ३१ जमले, पिशवी भरून. दुपारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसलो, मल्टिमीटर, ब्लेड, सोल्डरिंग गन सगळं घेऊन.

३१ पैकी १९ प्लगपाशी तुटलेले. ५ जिथे वायरीच्या दोन वायरी होतात तिथे, ३ कानाच्या बोंडापाशी. आणि उरलेले ४ तुटलेलेच नव्हते! तोंडावरच्या जाळीत कानातला मळ घट्ट बसलेला, बाकी काही नाही. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने हळूहळू झाडलं, चारही चालू झाले. झाडताना जाळी खालीच हवी, वर धरली तर मळ आत ड्रायव्हरवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या बारीक स्पीकरवर पडतो.

प्लगपाशी तुटलेल्यांतला एक ब्लेडने उभा कापून बघितला, म्हणजे नक्की काय होतं ते कळेल. आत केसाएवढ्या बारीक तारा असतात, काही लाल, काही हिरव्या, काही नुसत्या तांब्याच्या रंगाच्या, आणि त्या नायलॉनच्या दोऱ्याभोवती गुंडाळलेल्या. रंग म्हणजे इन्सुलेशनचा पातळ लेप. जिथे प्लगचं कडक रबर संपतं आणि मऊ वायर सुरू होते, बरोबर त्या रेषेवर सगळ्या हिरव्या तारा तुटलेल्या, लाल शाबूत. दोरा मात्र तुटलेला नाही, त्यामुळे बाहेरून वायर धडधाकट दिसते आणि वाकडी धरली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात, कान चालू होतो. त्या मुलीची वाकडी मान म्हणजे हे.

जोडायचं म्हटलं तर तो लेप आधी जाळावा लागतो, नाहीतर सोल्डर तारेला धरतच नाही, मणी होऊन घरंगळतं. गनच्या टोकावर सोल्डरचा थेंब ठेवून त्यात तार बुडवून धरली, थोडी पेस्ट लावली, धूर निघाला की मग चकाकी येते. १९ मधले ६ असे नवीन प्लग लावून चालू केले. बाकीच्यांची वायर आतून काळीहिरवी पडलेली, घाम आणि दमट हवेने तांबं खाल्लेलं, तिथे मेहनत फुकट जाते.

म्हणजे ३१ मधले २७ वायरीने गेलेले आणि ४ मळाने. ड्रायव्हर जळून मेलेला एकही नाही. आवाज ऐकायच्या आधी वायर बघायला हवी हे आज पक्कं झालं.

२१ जून, शनिवार

स्टुडिओतल्या एका सरांकडून कपलर आणला. हा म्हणजे धातूचा कृत्रिम कान, आतली पोकळी माणसाच्या कानाच्या नळीसारखं वागेल अशी केलेली आणि शेवटी पडद्याच्या जागी माईक. मूळ स्टँडर्ड आयईसी ६०३१८-४, पण जुन्या नंबरावरून सगळे ७११ च म्हणतात. सरांचा ओरिजिनल नाही, त्याची स्वस्तातली कॉपी आहे, सहा जणांची आपसांत तुलना करायला पुरते. ग्राफवर, म्हणजे कुठला सूर किती मोठा आला त्या रेषेवर, ८ हजार हर्ट्झच्या आसपास एक शेंडा दिसतो तो इअरफोन किती आत खुपसला त्यावर जागा बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी तेवढंच आत घालायचं, आणि १० हजारच्या वर जे दिसेल त्यावर भरवसा ठेवायचा नाही.

लॅपटॉपवरून स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा सूर सोडला, प्रत्येक बाजू पाच पाच वेळा काढून घालून. पहिल्याच तासात एक गोष्ट डोळ्यासमोर आली. पिवळ्याची डावी बाजू दुसऱ्यांदा घालताना टिप, म्हणजे टोकावरचं मऊ रबर, जरा तिरकी बसली, नुसती नखाएवढी फट, आणि १०० हर्ट्झला बास एकदम १५ डेसिबलने खाली. तोच इअरफोन, तोच फोन, फक्त फट. लोक म्हणतात ना की ह्याच्यात बासच नाही, त्यातल्या कितीतरी जणांच्या कानात तो नुसता नीट बसलेला नसणार.

आता ग्राफ. इन-इअरमध्ये ३ हजार हर्ट्झच्या आसपास उंचवटा असायलाच पाहिजे. उघडा कान त्या भागाला स्वतःच घुमवतो, इअरफोनने नळी बंद केली की ते घुमणं जातं, ते परत द्यावं लागतं. हर्मन ह्या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या टीमने पुष्कळ लोकांना ऐकवून जी टार्गेट लाईन, म्हणजे ग्राफ कसा असावा ती रेष काढली, तिची इन-इअरची २०१९ ची आवृत्ती बरेच जण धरतात. मीही तुलनेला तीच ठेवली, फक्त त्यात बास भरपूर आहे आणि लेक्चरला तेवढा नको. हिरवा त्या लाईनच्या सगळ्यात जवळ, दोन्ही बाजू एकावर एक बसतात, बघूनच बरं वाटलं. काळा बासमध्ये जरा कमी, ५ हजारला थोडा बसलेला, बाकी सरळ. निळा धातूचा, हातात घेतला की महागाचा वाटतो, पण ६ ते ७ हजारला मोठा सुळका. लाल म्हणजे नुसता बास, १०० हर्ट्झ १ हजारपेक्षा १४ डेसिबल वर. पिवळ्याच्या दोन बाजूंत ४ डेसिबलचा फरक. पांढरा टाइप-सी वाला, त्याच्या प्लगमध्येच डॅक आहे (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी चिप), ग्राफ ठीकठाक.

२९ जून, रविवार

ऐकण्याची टेस्ट. सगळ्यांचा आवाज आधी सारखा करून घेतला, कारण एखादा डेसिबलभर मोठा असला तरी कानाला तोच चांगला वाटतो, दुकानात सगळे असेच फसतात. मग मी, माझी बहीण आणि बाबा, टेपचे रंग झाकून.

टेस्टला गाणी कमी आणि बोलणं जास्त ठेवलं. बहिणीकडून स्टुडिओत 'चटईला टाचणी टोचली' दहा वेळा म्हणवून घेतलं होतं. मराठीतले च, ज, झ, स, श हे असे आहेत की ट्यूनिंग जरा घसरलं की लगेच टोचतात, आणि उलटं ट्यूनिंग दबलेलं असलं की च आणि स मधला फरकच कळत नाही. निळ्यावर ते वाक्य शेवटपर्यंत ऐकताना मी दोनदा काढून ठेवला, कानात खरंच सुई जाते. लालवर बाईचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा. खालचा जड आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो हे ऐकून माहीत होतं, पण लालवर गणिताचं लेक्चर लावलं तर 'सोळा' म्हटलं की 'गोळा' म्हटलं ते कळेना. ट्रेनमध्ये ढोल-ताशा ऐकायला ठीक असेल, अभ्यासाला नाही.

बाबांचं मत मात्र आमच्या दोघांच्या बरोबर उलटं आलं. त्यांना निळा सगळ्यात स्वच्छ वाटला. "हा बोलतो, बाकीचे पुटपुटतात," असं म्हणाले. बाबा १९७४ पासून गिरणीत लूम खात्यात होते, १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तोपर्यंत, आणि सांगतात की मागांच्या आवाजात बोललेलं ऐकूच यायचं नाही, एकमेकांच्या ओठांवरून ओळखायचे. अशा आवाजात वर्षं काढली की कान पहिल्यांदा जातो तो ४ हजार हर्ट्झच्या आसपास. आम्हाला जो सुळका टोचतो तो त्यांच्याकडे पोचता पोचता सपाट होतो. मी नंतर एकेक सूर वाजवून बघितला, ३ हजारच्या वर त्यांना माझ्यापेक्षा खूपच मोठा लावावा लागला. ते हसत होते, मला नाही हसू आलं. निळा त्यांच्याकडेच ठेवला, नाट्यसंगीत ऐकायला.

आणि ह्या पोरांचे कान असे व्हायला नकोत, म्हणून आवाजाची पातळी पण मोजायची हे आज यादीत वाढवलं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी आई-बाबा वडाळ्याला विठ्ठलाच्या दर्शनाला रांगेत, आणि संध्याकाळी चाळीत भजन. स्टुडिओचा रेकॉर्डर घेऊन मंडळींच्या मधोमध बसलो. टाळ, पखवाज, पेटी, पंधरा आवाज. रेकॉर्डिंग झाल्या झाल्या तिथेच जिन्यात बसून एकेका इअरफोनवर ऐकलं, टाळ अजून कानात ताजे होते तोवर.

टाळासारखी कसोटी नाही. खरा टाळ वाजतो तेव्हा आधी ठोका, मग लांब थरथरत जाणारा नाद, आणि शेजारच्या दोघांचे टाळ जरा वेगळ्या सुरात असले तर त्यातला हेलकावा पण ऐकू येतो. हिरव्यावर हे सगळं जसंच्या तसं, डोळे मिटले की पुन्हा आत बसलोय असं वाटलं. काळ्यावर ठोका आणि नाद आहे, हेलकावा कमी. लालवर टाळ नाहीतच, नुसता पखवाजाचा धुमा. पिवळ्यावर टाळ म्हणजे पातेल्याची झाकणं. पांढरा बरा, पण पेटी जरा नाकात.

आज रात्रीपर्यंत माझं जवळपास ठरलं होतं की हिरवाच, वायर बोंडापासून सुटी होते, दोन पिनांवर बसते, तुटली तर नुसती वायर बदला. १,२५० चा घाऊक भाव हजारपर्यंत आला तर १२ बसतात.

१३ जुलै, रविवार

ठरलेलं फिसकटलं. अभ्यासिकेत ११ जणांना प्रत्यक्ष घालून बघायला दिले. हिरव्याचं टिप बसते ते नळकांडं जाड आहे, ६ मिलिमीटर भरलं कॅलिपरने, आणि बोंडही मोठं. आठवी-नववीतल्या सात मुलींपैकी पाच जणींच्या कानात सगळ्यात लहान टिप लावूनही नीट बसेना. एक म्हणाली, "दादा, दुखतंय पण आवाज छान आहे ना, चालेल." नाही चालणार. आणि न बसल्यामुळे ज्या आवाजावर मी फिदा झालो होतो तो त्यांना ऐकूच येत नाहीये, बास गळून गेला, उरली नुसती किनरी. माझ्या कानात पहिला, त्यांच्या कानात शेवटून दुसरा.

काळ्याचं नळकांडं ४.५ मिलिमीटर, बोंड शेंगदाण्याएवढं. अकराच्या अकरा जणांना बसला, कुणाला लहान टिप, कुणाला मधली. दोघांना तर डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळ्या साइझची लागली, तसं सगळ्यांनाच करून बघायला हवं.

आवाजाची पातळी पण आज मोजली. पंखे चालू, पाऊस चालू, एक लेक्चर लावलं आणि पाच जणांना सांगितलं तुम्हाला नीट ऐकू येईल एवढा आवाज करा. मग तोच फोन तसाच कपलरला. कपलरचा आकडा मोकळ्या हवेतल्या आकड्यापेक्षा जास्त येतो, तेवढा अंदाजाने वजा केला. सैल टिपेने ८४ ते ८९ डेसिबल. बरोबर टिपेने त्याच मुलांनी ७३ ते ७८ वर ठेवला, कुणी न सांगता. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांना ७५ म्हणते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे मोठ्यांच्याच हिशोबाने ८९ ला आठवड्याला फक्त ५ तास. ही पोरं रोज तीन-चार तास ऐकतात. वाटाण्याएवढं रबर आहे पण ते बरोबर नसेल तर काय होतं ते बाबांच्याकडे बघून मला माहीत आहे.

१८ जुलै, शुक्रवार

लोअर परळ ते अंधेरी स्लो, सकाळी ८.५० च्या सुमारास, काळा आणि हिरवा आलटून पालटून. गाडीचा खालचा घरघराट दोन्ही अडवत नाहीत, वरचं बोलणं आणि पत्र्याचा खडखडाट बऱ्यापैकी अडवतात. काळ्याची वायर शर्टाला घासली की कानात खरखर येते, कानावरून फिरवून घातली की जाते. गर्दीत वायर दोनदा कुणाच्या तरी बॅगेत अडकली, काळा निघून आला, काही झालं नाही. उतरताना आणि पुलावर चढताना कानातून काढायचा, हे मुलांना तोंडी नाही, लिहूनच द्यायचं.

२२ जुलै, मंगळवार

वायरची टेस्ट आज संपली. बाबांच्या जुन्या टेबल फॅनची पाती काढून ठेवली आणि त्याच्या फिरत्या डोक्यावर लाकडी पट्टी बांधली, पट्टीवर सॉकेट, त्यात इअरफोनचा प्लग. वायर समोरच्या खुर्चीच्या पाठीवरून खाली सोडली आणि टोकाला २०० ग्रॅम मुगाची पुरचुंडी. फॅन डावीकडे-उजवीकडे वळला की वायर प्लगपाशी वाकते, मिनिटाला ७ फेऱ्या, तासाला ४२०. इअरफोनमधून सतत एक सूर वाजता ठेवला, बोंडासमोर माईक, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग, म्हणजे रात्री मी झोपलो तरी सूर कुठे तुटला ते सकाळी दिसतं. निळा बाबांचा म्हणून त्याला ह्यात घातला नाही.

पिवळा १,९०० फेऱ्यांना गेला. लाल, ज्याची चपटी वायर न गुंतणारी म्हणून विकतात, २,६०० ला. हिरव्याची वायर ३,८०० ला. पांढरा ५,३०० ला. काळा ११,००० ला मीच थांबवला, २६ तास झाले होते आणि फॅन तापत होता.

का, ते भिंगातून बघितलं. बाकीच्यांच्या प्लगचं रबर आखूड आणि कडक, वायर त्याच्या तोंडाशी एकाच जागी मुडपते. काळ्याचं रबर चांगलं बोटाच्या पेराएवढं लांब, मऊ, आणि त्याला आडव्या खाचा आहेत, त्यामुळे वाक एका रेषेवर न येता सगळ्या लांबीवर पसरतो. शिवाय प्लग एल आकाराचा, खिशात दाबला जात नाही. एवढी साधी गोष्ट, ज्याने कुणी हे रबर काढलं त्याने मन लावून काम केलंय.

२७ जुलै, रविवार

खणात ठेवून सगळ्यांनी वापरायचे हा प्लॅन आज रद्द केला. अभ्यासिकेतल्या एका मुलाच्या कानात बुरशी झाली, डॉक्टरांनी सांगितलं पावसाळ्यात हे खूप येतं, कान कोरडा ठेवा आणि दुसऱ्याचं काही कानात घालू नका. तो दोन आठवडे भावाचा इअरफोन वापरत होता. बारा इअरफोन बावीस कानांच्या जोड्यांत फिरवणं म्हणजे आपणच ते वाटत सुटणं. साफसफाईची देखरेख करणाऱ्या मावशी पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या की बाबा रे, फणी आणि टॉवेल जसा ज्याचा त्याचा तसं हे. त्यांचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

म्हणजे आता प्रत्येकाला स्वतःचा. २२ नग आणि दोन जादा. पैसे तेवढेच. हिरवा तसाही बाद, काळाच.

३ ऑगस्ट, रविवार

काल लॅमिंग्टनला २४ नगांचा भाव केला, ४५० चा ४०० ला, एकूण ९,६००. दुकानदाराला आधीच सांगितलं की सगळे तपासणार आणि खराब निघाले तर बदलून पाहिजेत, तो बिलावर तसं लिहून द्यायला तयार झाला. पाच मुलांच्या फोनला जॅकच नाही, त्यांना टाइप-सीचे कन्व्हर्टर, २५० चा एक. इथे एक घोळ होता होता वाचला. शंभर रुपयांचे पण मिळतात पण त्यात डॅक नसतो, नुसती वायर जोडलेली, आणि फोनने स्वतः टाइप-सीतून अॅनालॉग आवाज काढला तरच ते चालतात. आमच्या पाचपैकी चार फोनवर त्या स्वस्तवाल्याने शब्दही काढला नाही. डॅकवाला पाचही फोनवर चालला. ते १,२५०. राहिले १,१५०, त्यात जादा लहान टिपा आणि गोल पत्र्याच्या डब्या.

१० ऑगस्ट, रविवार

चोवीसही कपलरवर लावले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. २१ नगांच्या डाव्या-उजव्या बाजूंत २ डेसिबलच्या आत फरक, आणि जूनमधल्या माझ्या पीसशी ग्राफ जुळतो, म्हणजे आतला माल बदललेला नाही.

तीन बाद. एकाची डावी बाजू बासला ५ डेसिबल कमी, बघितलं तर बोंडावरचं टाचणीच्या टोकाएवढं हवेचं भोक गोंदाने बुजलेलं. दुसऱ्यात ८० हर्ट्झच्या आसपास कागद फडफडल्यासारखं, पडद्यावर काहीतरी कण असणार. तिसरा मजेशीर, ग्राफ दोन्ही बाजूंचा उत्तम, पण कानात घातला की बोलणारा माणूस समोर नाहीच, आवाज डोक्याच्या मागे कुठेतरी पसरलेला आणि बास गायब. एका बाजूच्या दोन तारा उलट्या जोडलेल्या, एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. नुसत्या ग्राफवर हा पास झाला असता, म्हणून मशीनवर तपासला तरी प्रत्येक नग एकदा कानात घालून बघायचाच, टिप बदलून.

२० ऑगस्ट, बुधवार

तिन्ही बदलून आणायला काल जायचं होतं पण पावसाने गाड्याच बंद पडल्या, पाणी रुळांवर. आज गेलो. दुकानदाराने काही न बोलता बदलून दिले. नवीन तिन्ही रात्री तपासले, ठीक.

२४ ऑगस्ट, रविवार

वाटप. परवा-तेरवा गणपती, बाहेर मांडवाचं काम जोरात, त्या गडबडीतच मुलांना पाच पाच करून बसवलं. प्रत्येकाची टिप जागेवर ठरवली: कान दुसऱ्या हाताने वरमागे ओढायचा, बोंड जरा फिरवत आत सरकवायचं, मग बासवाला सूर लावून दोन्ही बाजूंना तो सारखा भरतो का ते बघायचं. डबीच्या झाकणावर नाव आणि टिपेचा साइझ. आत एक चिठ्ठी, वायर धरून ओढू नका, प्लग धरून काढा, फोनला गुंडाळू नका, दर रविवारी टिपा काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका, रस्ता आणि फाटक ओलांडताना डबीत. वाकड्या मानेवाल्या मुलीला उजवीकडे लहान आणि डावीकडे मधली टिप लागली.

एकविसाव्या नंबरला नववीतला एक मुलगा म्हणाला, "दादा, माझा डावा कमी येतोय." मला वाटलं चोवीस तपासूनही एक निसटला. जादा दोनमधला एक दिला, तरी डावा कमी. मग डावं बोंड उजव्या कानात आणि उजवं डाव्या कानात घालायला लावलं, तरी डावा कानच कमी. म्हणजे इअरफोन नाही, कान. त्याला विचारलं कधीपासून, तर म्हणाला मला वाटलं सगळ्यांना असंच येतं.

त्याच्या आईला बोलावून सांगितलं, मळ असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, पण कानाच्या डॉक्टरांना दाखवाच, घरी काडी घालू नका. त्या मंगळवारी नेणार आहेत. त्याची डबी कपाटात ठेवलीये, नाव लिहून, टिपेच्या साइझची जागा कोरी.